मागितलेला भाव आणि राखीव भाव

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या मध्यमवर्गीय घरांत एक नवा व्यवहार रूढ झाला आहे. पूर्वी घरातील जुने कपाट, सायकल वा शिलाईयंत्र नात्यागोत्यात दिले जाई, नाहीतर भंगारवाल्याच्या काट्यावर चढे. आता त्याचे छायाचित्र मोबाइलवरील बाजारात झळकते, खाली किंमत लिहिली जाते आणि तासाभरात पहिला निरोप येतो : 'शेवटचा भाव काय?' पाठोपाठ दुसरा गृहस्थ सहा हजारांच्या वस्तूला दोन हजार देऊ करतो. तिसरा अडीच हजारांवर येतो. पण वस्तू घरपोच हवी, अशी अट घालतो. जुन्या वस्तूंचेच नव्हे, तर घरी केलेले दिवाळीचे कंदील, विणलेले स्वेटर, गोधड्या, मसाले विकणाऱ्या भगिनींनाही रोज असेच निरोप येतात.

या बाजारात विकावयास बसलेला माणूस जातिवंत व्यापारी नव्हे. तो शिक्षक आहे, कारकून आहे, वसतिगृह सोडून निघालेला विद्यार्थी आहे. आयुष्यभर तो दुकानाच्या फळीच्या अलीकडे उभा राहिला. पलीकडे बसण्याचा प्रसंग त्याच्यावर प्रथमच आला आहे. त्यामुळे कमी भावाची मागणी आली की तो एकतर अपमानित होतो आणि उत्तरच देत नाही, नाहीतर संकोचाने पडेल भावाला वस्तू देऊन मोकळा होतो. दोन्ही प्रतिक्रियांत त्याचे नुकसान आहे. ग्राहकाने देऊ केलेल्या भावाकडे कसे पाहावे, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही. अर्थशास्त्राने गेल्या पन्नास वर्षांत त्यावर बराच विचार केला आहे आणि तो वर्गाच्या चार भिंतींबाहेर यावयास हवा.

निश्चित भाव हाच अपवाद

वस्तूवर किंमत लिहिलेली असावी आणि ती सर्वांना सारखी असावी, ही कल्पना आपणांस आज स्वाभाविक वाटते. वस्तुतः बाजाराच्या दीर्घ इतिहासात ती अगदी अलीकडची आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमधील क्वेकर पंथीयांनी, जो भाव घ्यावयाचा नाही तो सांगणे म्हणजे असत्य बोलणे होय, अशी भूमिका घेतली आणि आपल्या दुकानांत एकच भाव ठेवला. पॅरिसमध्ये बूसिको या व्यापाऱ्याने १८५२ पासून 'बाँ मार्शे' या दुकानाचा जो विस्तार केला, त्याचा एक पाया निश्चित किंमत हा होता. अमेरिकेत वॉनामेकर याने तीच प्रथा फिलाडेल्फियात लोकप्रिय केली. यामागे नीती होती, तसा हिशेबही होता. शेकडो नोकर असलेल्या दुकानात प्रत्येक नोकराला घासाघिशीचा अधिकार देणे मालकाला परवडणारे नव्हते.

आपल्याकडे वेष्टनावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याची सक्ती १९९० पासून आली. छापील किंमत ही कमाल मर्यादा आहे, तिच्याहून कमी घेण्यास कायद्याची आडकाठी नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. तरीही त्या छापील आकड्याने एका पिढीला घासाघीस विसरावयास लावली. पुण्याच्या तुळशीबागेत किंवा मुंबईच्या चोर बाजारात ती कला जिवंत राहिली. अन्यत्र ती मागे पडली. आता मोबाइलच्या पडद्यावर ती परत आली आहे. दोन्ही पक्ष मात्र सरावाचे राहिलेले नाहीत.

भाव करणे म्हणजे माहिती काढणे

मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी मोरोक्कोतील सेफ्रू या गावच्या बाजाराचा अभ्यास करून १९७८ साली एक मूलगामी निबंध लिहिला. त्यांचे प्रतिपादन असे की, अशा बाजारात सर्वांत दुर्मिळ गोष्ट कोणती असेल तर ती माहिती. मालाचा दर्जा, चालू भाव, समोरच्याची गरज यांपैकी काहीच कोणाला नीट ठाऊक नसते. आणि घासाघीस ही ती माहिती काढण्याची रीत असते. आपल्या बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून चालणारी करपल्लवी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

जुन्या वस्तूंच्या बाजारात माहितीची ही टंचाई अधिकच तीव्र असते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखविले की, वस्तूतील दोष विकणाऱ्यालाच ठाऊक असल्यामुळे घेणारा प्रत्येक वस्तू सदोष आहे असे धरून चालतो आणि भाव पाडून मागतो. परिणामी चांगली वस्तू असलेला विक्रेता बाजारातून निघून जातो. या विचारासाठी २००१ साली नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

यातून विक्रेत्याने घ्यावयाचा बोध सरळ आहे. कमी भावाची मागणी हा अपमान नसून पुष्कळदा ते अज्ञानाचे माप असते. तेव्हा भावावर वाद घालण्याऐवजी अज्ञान दूर करावे. खरेदीची पावती, वापराची वर्षे, दुरुस्ती कोणती व केव्हा झाली, ओरखडा कोठे आहे, हे सर्व आरंभीच लिहावे. दोष आपण होऊन सांगितलेल्या वस्तूचा भाव थोडा उतरेल. पण घेणाऱ्याने कल्पनेने धरलेल्या दहा दोषांपेक्षा प्रत्यक्षातील एक दोष विक्रेत्याला स्वस्त पडतो.

राखीव भाव कसा ठरवावा

पहिला निरोप येण्यापूर्वीच एक आकडा कागदावर लिहून ठेवणे, हे विक्रेत्याचे पहिले कर्तव्य. याहून खाली द्यावयाचे नाही, असा तो आकडा. त्याला राखीव भाव म्हणतात. तो कोणाला सांगावयाचा नसतो. परंतु स्वतःशी तो पक्का नसेल, तर समोरचा माणूस आपल्या मनाला वाटेल तिकडे वळवितो.

हा आकडा काढताना दोन चुका सर्रास होतात. पहिली, मूळ खरेदीची किंमत धरून बसणे. समजा, एका गृहस्थाने सहा वर्षांपूर्वी २२,००० रुपयांना फ्रीज घेतला. ते २२,००० आता बुडीत खर्चात जमा आहेत. आजच्या निर्णयाशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. आज प्रश्न एवढाच की, हा फ्रीज या ग्राहकाला न दिल्यास त्याचे दुसरे काय होईल? दुकानदार नव्याच्या बदल्यात ३,००० रुपये वळते करून देतो. महिनाभर थांबल्यास कोणी ५,००० देईल अशी शक्यता आहे. पण तोवर जागा अडेल आणि पाहावयास येणाऱ्यांसाठी चार संध्याकाळी घरी थांबावे लागेल. हा सारा विचार करून ४,५०० हा राखीव भाव ठरविला, तर तो शहाणपणाचा म्हणता येईल. २२,००० च्या आठवणीने ठरविलेला दहा हजारांचा भाव हा हिशेब नव्हे.

दुसरी चूक ममत्वाची. कानमन, नेट्श आणि थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना एक साधा पेला भेट दिला आणि तो विकावयास सांगितला. पेला हाती पडून फार वेळ झाला नव्हता, तरीही विकणाऱ्यांनी मागितलेली किंमत इतरांनी देऊ केलेल्या किमतीच्या सुमारे दुप्पट निघाली. काही मिनिटांच्या मालकीने ही स्थिती होत असेल, तर वीस वर्षे घरात राहिलेल्या शिलाईयंत्राचे काय होत असेल? आपल्या आठवणींचे मोल आपल्यापुरते खरे असते. ते दुसऱ्याने चुकते करावे, ही अपेक्षा मात्र बाजारात चालत नाही. आठवण मोलाची असेल तर वस्तू विकावयासच काढू नये.

मधला आकडा कोण ठरवितो?

भाव देऊ करण्याच्या व्यवहाराचा आजवरचा मोठा अभ्यास 'ईबे' या अमेरिकी बाजारपेठेवर झाला आहे. (तिचे भारतीय संकेतस्थळ २०१८ साली बंद झाले.) तेथे विक्रेता किंमत लिहितो, ग्राहक आपला भाव कळवितो, विक्रेता तो स्वीकारतो, नाकारतो किंवा उलट भाव सांगतो. अशा अडीच कोटींहून अधिक जाहिरातींची नोंद तपासून बॅकस, ब्लेक, लार्सन आणि टॅडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी २०२० साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात एक गोष्ट ठळकपणे पुढे आली : दोन आकड्यांच्या मधोमध येऊन थांबण्याकडे माणसांचा मोठा ओढा असतो.

'तुमचेही नको, माझेही नको' ही आपल्याकडची तोड हीच आहे. वरवर ती न्याय्य दिसते. परंतु मधला बिंदू दोन टोकांवरून ठरतो आणि त्यांतील एक टोक समोरच्याच्या हाती असते. वरील फ्रीजची मागणी ६,५०० रुपये आहे आणि ग्राहकाने २,००० देऊ केले, तर मध्य ४,२५० येतो. म्हणजे राखीव भावाच्याही खाली. ग्राहकाने आपला पहिला आकडा खाली ठेवून मध्यच खाली ओढला. अशा वेळी अर्ध्यावर येण्याचे कारण नाही. '६,२०० पर्यंत येऊ शकेन. याचा कॉम्प्रेसर गेल्या वर्षी नवा बसविला आहे', असे सौम्यपणे कळवावे. किती उतरलो याबरोबरच किती हळूहळू उतरलो, हेही समोरचा पाहत असतो.

याच मालेतील दुसरा एक अभ्यास (२०१९) अधिक उद्बोधक आहे. शंभराच्या पटीतील पूर्णांक किंमत लिहिलेल्या वस्तूंना, जवळपासच्याच पण 'अडनिड्या' किमती लिहिलेल्या वस्तूंपेक्षा, ५ ते ८ टक्के कमी भाव देऊ करण्यात आले. परंतु ते ६ ते ११ दिवस आधी आले आणि वस्तू विकली जाण्याची शक्यताही ३ ते ५ टक्क्यांनी अधिक राहिली. पूर्णांक लिहिणारा विक्रेता उरकून टाकावयास तयार आहे, असे ग्राहक समजतात. ज्याला घाई आहे त्याने पूर्णांक लिहावा. ज्याला सवड आहे त्याने नेमका आकडा लिहावा. दोहोंपैकी काय चांगले, हे ज्याच्या-त्याच्या गरजेवर अवलंबून आहे.

घाईची किंमत

एरिएल रुबिनस्टाइन यांनी १९८२ साली गणिताने सिद्ध केले की, घासाघिशीत ज्याला थांबणे महाग पडते त्याच्या वाट्याला कमी येते. हे सिद्धान्ताने कळण्यापूर्वी बदलीच्या नोकरीतील प्रत्येक कुटुंबाला अनुभवाने कळलेले असते. बदलीचा हुकूम येतो, महिनाअखेर घर सोडावयाचे असते आणि जाहिरातीत 'तातडीने विकणे आहे' असे लिहिले जाते. ग्राहक ते वाचतो आणि आपला भाव खाली आणतो. यात त्याचा दुष्टपणा नाही. आपणच त्याला आपली अडचण कळविली. हुकूम हाती येताच मोठ्या वस्तू प्रथम विकावयास काढणे आणि घाईचा उच्चार न करणे, एवढे तरी करता येण्यासारखे असते.

उलट बाजूस, काही सौदे फिसकटणारच, हेही मनाशी बांधून ठेवावे. मायरसन व सॅटरथ्वेट यांचा १९८३ चा सिद्धान्त सांगतो की, दोन्ही पक्षांना आपापला खरा भाव झाकून ठेवता येत असेल, तर बाहेरून मदत मिळाल्याशिवाय प्रत्येक लाभदायक सौदा जुळवून आणणारी कोणतीही व्यवस्था रचता येत नाही. तुटलेल्या सौद्याबद्दल हळहळण्याचे अथवा समोरच्याला बोल लावण्याचे म्हणूनच प्रयोजन नाही. 'या भावाला जमणार नाही, आभारी आहे', एवढे उत्तर पुरते. नम्रपणे नाकारलेला ग्राहक चार दिवसांनी पुष्कळदा परत येतो. टोमणा मारून घालविलेला येत नाही.

घरगुती उद्योगाचा हिशेब निराळा

आतापर्यंतचे विवेचन जुन्या वस्तूंना लागू आहे. स्वतःच्या हाताने वस्तू करून विकणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे आणि खरा अन्याय तेथेच घडतो.

समजा, एक भगिनी गोधडी शिवते. कापड व दोरा ६२० रुपये, बांधणी व टपाल १२० रुपये आणि नऊ तासांचे काम. ती १,५०० रुपये किंमत लिहिते. कोणी १,१०० देऊ करतो. 'चारशेनेच तर कमी', असे म्हणून ती देऊन टाकते. साहित्य व टपाल यांचे ७४० रुपये वजा जाता तिच्या हाती ३६० उरतात. म्हणजे तासाला ४० रुपये. मूळ किमतीत तेच तासाला ८४ पडत होते. कापडवाल्याने भाव कमी केला नाही, टपालाचा दरही उतरला नाही. ग्राहकाला मिळालेली सूट सर्वस्वी तिच्या मजुरीतून गेली. घरच्या श्रमाला मोल नसते ही आपली जुनी समजूत येथे बाजारभावाचे रूप घेते.

अशा विक्रेत्यांनी भावाची बोलणीच ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जुने कपाट एकच असते, त्याचा भाव शोधावा लागतो. गोधडी पुन्हा शिवावयाची असते. तिचा भाव खर्चावरून आणि मजुरीवरून आधीच ठरतो. सूट द्यावयाचीच तर ती व्यक्ती पाहून न देता नियमाने द्यावी : तीन वस्तू घेतल्यास इतकी, प्रत्यक्ष येऊन नेल्यास टपालखर्च वजा. नियमाची सूट सर्वांना सारखी असते. आणि संकोची ग्राहकाने अधिक द्यावे व धीट ग्राहकाने कमी, असा पंक्तिप्रपंच घडत नाही.

यावर असा आक्षेप येईल की, घासाघीस ही गरिबाची सोय आहे. ज्याच्यापाशी पैसा नाही पण वेळ आहे, त्याला तीच आधार देते. जुनी पुस्तके घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे खरे आहे आणि त्याच्यासाठी विक्रेत्याने हात सैल सोडावा, हेही योग्य. परंतु प्रत्यक्षात काय दिसते? मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर एकाच वस्तूची किंमत सकाळी एक आणि सायंकाळी दुसरी असू शकते. तेथे ग्राहक निमूटपणे पैसे भरतो, कारण तेथे बोलावयास माणूसच नाही. मग उरलेली सारी घासाघीस, जेथे माणूस आहे तेथे, म्हणजे दुर्बळ विक्रेत्याशीच होते.

जो भावच करीत नाही

एका ग्राहकापासून मात्र विशेष सावध राहावयास हवे. तो म्हणजे मागितलेला भाव, वस्तू न पाहता, विनातक्रार मान्य करणारा. तो पुष्कळदा स्वतःला लष्करातील जवान म्हणवितो, आगाऊ रक्कम पाठवितो असे सांगतो आणि मोबाइलवर एक चौकोनी संकेतचित्र पाठवून ते उघडून गुप्त क्रमांक घालावयास सांगतो. तो क्रमांक घालताच पैसे येत नाहीत, जातात. यूपीआय व्यवस्थेत पैसे घेण्यासाठी गुप्त क्रमांक कधीच लागत नाही, हे एक वाक्य प्रत्येक घरात पाठ असावयास हवे. आणि फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर विलंब न लावता कळविले पाहिजे. भाव न करणारा प्रत्येक जण ठक नसतो. परंतु घासाघीस करणारा माणूस वस्तू खरोखरच घेऊ इच्छितो, एवढे तरी तिच्यावरून कळते.

उघड भावाचा हक्क

विक्रेत्याने काय करावे हे सांगून प्रश्न संपत नाही. वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. पुढे महाराष्ट्राने १९६३ मध्ये कृषी उत्पन्न पणनाचा कायदा केला. त्या कायद्यांच्या अंमलबजावणीत उणिवा पुष्कळ राहिल्या; पण त्यांमागील तत्त्व बिनतोड होते. रुमालाखाली ठरणारा भाव दुर्बळ विक्रेत्याला मारतो, उघड्यावर पुकारलेला भाव त्याला राखतो. शेजारच्या गाडीतील कापूस काय भावाने गेला, हे कळणे हेच शेतकऱ्याचे बळ होते.

मोबाइलवरील जुन्या मालाच्या बाजारात आज मागितलेले भाव दिसतात. प्रत्यक्षात कोणता सौदा कितीला झाला, हे सहसा दिसत नाही, कारण तो बहुधा बाहेरच पुरा होतो. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंच्या किमती पाहता येतात. तशीच ठराविक रकमेखालच्या मागण्या आपोआप नाकारण्याची सोयही विक्रेत्याला तेथे आहे. आपल्याकडील बाजार चालविणाऱ्यांनी निदान या दोन गोष्टी कराव्यात आणि विक्रेत्याने सांगितलेली किमान रक्कम ग्राहकाला सुचवावयास वापरू नये, असा दंडक सरकारने घालावा. ई-व्यापाराविषयीचे २०२० चे नियम ग्राहकाच्या रक्षणासाठी झाले आणि ते आवश्यकच होते. पण या बाजारात लहान विक्रेताही तितकाच एकाकी आहे. बचतगटांना वस्तू कशी करावी हे शिकविले जाते. ती वस्तू केवढ्याला पडली, हे काढावयासही शिकविले पाहिजे. ते काम वाणिज्य महाविद्यालयांतील विद्यार्थी सहज करू शकतील.

क्वेकर व्यापाऱ्यांचा आग्रह आजच्या बाजारात जसाच्या तसा चालणार नाही. तरीही त्यातील अर्धा भाग आपणांस घेता येईल. राखीव भाव मनात ठेवणे हे असत्य नव्हे. पण कोणी कापील म्हणून मागणी दुपटीने फुगवून लिहिणे, हा न कापणाऱ्या भोळ्या ग्राहकावर अन्याय आहे. मागणी राखीव भावापासून फार दूर नसावी, वस्तूचे वर्णन खरे असावे आणि नकार सौम्य असावा. एवढे पाळणाऱ्या विक्रेत्याला, कोणी दोन हजारांचा निरोप पाठविला, तर रागावण्याचे अथवा ओशाळण्याचे कारण उरणार नाही.